पुष्पामावशींची पुप्पा कशी झाली?

चार वर्षांपूर्वी आमच्या घरातल्या एका लग्नाची पत्रिका छापून आली. कागद हातकागदाचा, दाणेदार, कडा मुद्दाम फाटल्यासारख्या. त्यावर सोनेरी फॉइल. वधूवरांची नावं जवळजवळ इंचभर उंचीची आणि अक्षर तर असं की बघत राहावं. उभ्या रेघा भरदार, आडव्या आणि तिरक्या रेघा केसासारख्या. सगळ्यांनी कौतुक केलं. मग कोणीतरी खाली निमंत्रकांच्या यादीकडे वळलं. तिथे आमच्या पुष्पामावशी ‘पुप्पा’ झाल्या होत्या आणि बबनकाका ‘ववन’.

छापखान्याचं नाव इथे सांगत नाही, कारण दोष एकट्या त्याचा नव्हता. प्रूफ आम्हीच संगणकाच्या पडद्यावर पाहिलं होतं, तेही मोठं करून, आणि त्यात ‘ष’ होता, ‘ब’ही होता. मजकूर बरोबर, फॉन्ट तोच, कागद तोच, छपाई तीच. तरी वरची नावं राजेशाही दिसतात आणि खालची नावं चुकीची वाचली जातात, हे कसं?

‘ष’ आणि ‘प’ यांच्यात फरक फक्त पोटातल्या एका तिरक्या रेघेचा, ‘ब’ आणि ‘व’ यांच्यातही तोच. ती रेघ कुठे गेली, हे शोधायला मी निघालो आणि नाशिकमध्येच तीन ठिकाणी हिंडलो : तांब्यापाशी, दगडापाशी आणि नोटांपाशी.

अक्षराला पाय असतात

आधी दोन गोष्टींची ओळख करून घेऊ.

इंग्रजी वर्तमानपत्रातलं मोठं ‘ए’ अक्षर नीट पाहा. त्याच्या दोन्ही तंगड्यांच्या खाली छोट्या आडव्या रेघा दिसतील, जणू अक्षराने चपला घातल्या आहेत. या चपलांना सेरिफ म्हणतात. ज्या अक्षरांना त्या नसतात, ती अनवाणी. रस्त्यावरच्या बहुतेक पाट्या आणि मोबाइलवरची बहुतेक अक्षरं अनवाणीच असतात.

दुसरी गोष्ट म्हणजे जाड-बारीकपणा. एकाच अक्षरातली सर्वांत जाड रेघ आणि सर्वांत बारीक रेघ यांच्यातला फरक किती, हे त्यावरून कळतं. इंग्रजीत त्याला कॉन्ट्रास्ट म्हणतात आणि आपले डीटीपीवालेही हाच शब्द वापरतात. हा फरक कमी असेल तर अक्षर शेतकऱ्याच्या काठीसारखं दिसतं : सगळीकडे सारखं, दणकट. फरक टोकाचा असेल तर डौल येतो, नखरा येतो. चपला घातलेली आणि टोकाची जाड-बारीक असलेली अक्षरं म्हटली की डोळ्यांसमोर फॅशनची मासिकं, अत्तराच्या बाटल्या, वाइनची लेबलं आणि सराफांच्या जाहिराती येतात. ‘व्होग’ मासिकाचं नाव ज्या अक्षरात छापतात, ते याच घराण्यातलं.

हा डौल कोणी कलावंताने बसून ‘काढलेला’ नाही. तो हत्याराने दिलेला आहे.

भांड्यावरचं नाव आणि बोरूचा कित्ता

नाशिकची तांब्यापितळेची भांडी प्रसिद्ध आहेत, आणि भांडं घेतलं की त्यावर नाव घालून घ्यायची आपली रीत. तांबट आळीत किंवा कुठल्याही भांड्यांच्या दुकानात नाव घालणारा माणूस बघा. विजेवर थरथरणारी सुई तो धातूवर फिरवतो आणि ठिपक्या-ठिपक्यांनी ‘चि. सौ. कां.’पासून तारखेपर्यंत सगळं उमटतं. त्या अक्षरात जाड-बारीक काही नसतं, कारण सुईला टोक एकच. ते वर जावो, खाली येवो, आडवं फिरो, रेघ तेवढीच.

आता बोरू घ्या. बोरूचं टोक तिरकं छाटलेलं असतं, पटाशीसारखं, म्हणजे टोक नसतंच, असते ती धार. घरी बोरू नसेल तर दोन पेन्सिली शेजारी धरून रबरबँडने बांधा आणि त्यांचा तिरकेपणा न बदलता कागदावर एक मोठं शून्य काढा. काही ठिकाणी दोन रेघांमध्ये चांगलं अंतर पडेल, तर काही ठिकाणी त्या एकमेकींवर येऊन एकच होतील. अंतर पडलं ती जाड बाजू, रेघा मिटल्या ती बारीक बाजू. तुम्ही जोर दिला नाही, हलका हात केला नाही, नुसतं शून्य काढलंत, आणि जाड-बारीक आपोआप आलं.

शून्यात जाड बाजू नेमकी कुठे पडणार, हे धारेचा कल ठरवतो. रोमन लिपीच्या लेखणीचा कल आणि आपल्या बोरूचा कल एकमेकांच्या उलट, त्यामुळे इंग्रजी ‘ओ’ आणि देवनागरी शून्य यांचा भार उलट बाजूंना झुकतो. इंग्रजी फॉन्ट पुढ्यात ठेवून त्यावरून घाईघाईने देवनागरी अक्षरं बेतली की ती ‘परक्यासारखी’ दिसतात. बोट कुठे ठेवावं ते कळत नाही, पण काहीतरी खटकतं. अनेकदा हा भार चुकीच्या अंगाला झुकलेला असतो.

पांडवलेण्यातली डोकी

शहरापासून मुंबईच्या रस्त्याने आठेक किलोमीटरवर त्रिरश्मीचा डोंगर आहे, आपली पांडवलेणी. बहुतेक लोक पायऱ्या चढतात, दम खातात, फोटो काढतात, उतरतात. लेखांच्या भिंतीपाशी फारसं कोणी थांबत नाही.

दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्यातला एक मला फार आवडतो, कारण ती चक्क ठेवपावती आहे. गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, त्याने ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) ठेवले : २००० दरमहा शेकडा एक दराने आणि १००० दरमहा शेकडा पाऊण दराने. व्याजातून लेण्यातल्या भिक्षूंचा खर्च चालायचा. तिसऱ्या लेण्यात सातवाहन घराण्यातल्या गौतमी बलश्रीचा लेख आहे. तिचा नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला.

आपल्याला इथे मजकुरापेक्षा अक्षर पाहायचं आहे. अशोकाच्या काळची ब्राह्मी आठवा किंवा पुस्तकात पाहा : सगळ्या रेघा सारख्या, भांड्यावरच्या नावासारख्या. त्रिरश्मीच्या या काळातल्या लेखांमध्ये मात्र उभ्या रेघांच्या माथ्यावर किंचित जाडी येऊ लागते. रेघ सुरू होते तिथे एक लहानसं डोकं असतं. लिपीच्या अभ्यासकांनी याचा संबंध शाईच्या लेखणीशी जोडला आहे. धार असलेली लेखणी टेकवली की आधी एक जाड ठसा उमटतो आणि मग रेघ खाली येते. छिन्नीला त्या ठशाची गरज नव्हती, पण हाताला लेखणीची सवय लागली होती, म्हणून दगडातही तो ठसा उतरला. पुढच्या शतकांत ही डोकी रुंद झाली, त्रिकोणी झाली, शेजारच्या डोक्यांना भिडली आणि त्यांची सलग रेघ झाली. आज आपण तिला शिरोरेघ म्हणतो.

साधारण त्याच शतकात तिकडे रोममध्ये सम्राट ट्राजनच्या स्तंभावर, इसवी सन ११३ मध्ये, लेख कोरला जात होता. त्या अक्षरांना पाय आहेत. हे पाय छिन्नीची कड साफ करण्यासाठी आले, असं पुष्कळ काळ मानलं जायचं. एडवर्ड कॅटिच नावाच्या अमेरिकन धर्मगुरूने १९६८ मध्ये पुस्तक लिहून वेगळं मांडलं. हा माणूस तरुणपणी पाट्या रंगवायचा. त्याचं म्हणणं असं की कारागीर आधी चपट्या कुंचल्याने दगडावर अक्षर रंगवायचे आणि मग तेच कोरायचे, आणि कुंचला रेघेच्या शेवटी वळवला की पाय आपोआप फुटतो. पाट्या रंगवणाऱ्याला जे दिसलं ते पंडितांना दिसलं नव्हतं.

म्हणजे एकाच सुमाराला रोमन अक्षराला पाय फुटत होते आणि आपल्या अक्षराला डोकं. रोमन अक्षर आजही जमिनीवर उभं असतं, तर आपलं अक्षर दांडीवर वाळत घातलेल्या कपड्यासारखं वरून लोंबतं. हा फरक लक्षात ठेवा, पुष्पामावशींकडे परतताना तो कामाला येईल.

टोकदार टाक आणि गुळगुळीत कागद

बोरूचं जाड-बारीक मोजकं असतं. टोकाचा डौल आला तो दुसऱ्या हत्याराने, लवचिक टोकाच्या टाकाने. त्याच्या निबेला मधोमध चीर असते. खाली ओढताना दाब दिला की दोन फाळके फाकतात आणि जाड रेघ येते. वर नेताना दाब काढला की केसाएवढी रेघ. तांब्याच्या पत्र्यावर कोरणीने अक्षर काढणाऱ्यांचंही तसंच : कोरणी खोल घातली की जाड, वरवर फिरवली की बारीक.

अठराव्या शतकात बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिल याने हा डौल छापायच्या खिळ्यांत, म्हणजे शिशात ओतलेल्या अक्षरांत, आणायचं ठरवलं. तो आधी हस्ताक्षर शिकवायचा आणि थडग्यांवर अक्षरं कोरायचा. त्याला लगेच कळलं की नुसते नाजूक खिळे पाडून भागत नाही. त्या वेळच्या कागदावर साच्याच्या तारांचे वळ असत, आणि त्यांवर बारीक रेघ तुटायची. त्याने वळ नसलेला गुळगुळीत कागद वापरून पाहिला, शाई अधिक काळी केली आणि छापलेली पानं तापवलेल्या पत्र्यांत दाबली, म्हणजे सरळ भाषेत पानांना इस्त्री केली. १७५७ मध्ये त्याने व्हर्जिलचं काव्य छापलं आणि युरोपभर चर्चा झाली.

टीकाही झाली. या बारीक रेघांनी वाचणाऱ्यांचे डोळे जातील, असं एका गृहस्थाने बेंजामिन फ्रँकलिनला ऐकवलं. फ्रँकलिन स्वतः छापखानेवाला. त्याने कॅझलॉन या जुन्या, सगळ्यांच्या सवयीच्या खिळ्यांचा नमुना घेतला, त्यावरचं नाव फाडलं, ‘हा बास्करव्हिलचा नमुना’ म्हणून त्या गृहस्थापुढे ठेवला आणि दोष दाखवायला सांगितलं. गृहस्थाने ओळीओळीत दोष दाखवले, वर डोळे दुखायला लागल्याचीही तक्रार केली. अक्षराबद्दल ठाम मतं असणारी माणसं भेटली की मला ही हकीकत आठवते. माझंही मत त्यात धरूनच.

पॅरिसमध्ये दिदो घराणं आणि इटलीतल्या पार्मा गावी जांबातिस्ता बोदोनी यांनी बास्करव्हिलची वाट शेवटपर्यंत नेली. बास्करव्हिलच्या अक्षरात पाय आणि रेघ यांच्या सांध्यात हलकी गोलाई होती, झाडाचा बुंधा जमिनीत उतरतो तशी. यांनी ती काढून टाकली. भरदार खांब आणि त्याखाली एक सरळ, केसासारखी रेघ, बस. बोदोनी १८१३ मध्ये गेला. त्याच्या खिळ्यांचे नमुने असलेला दोन खंडांचा ग्रंथ त्याच्या विधवेने १८१८ मध्ये छापून पुरा केला.

हे अक्षर ‘श्रीमंत’ का वाटतं, याचं उत्तर मला इथेच सापडतं. ती बारीक रेघ न तुटता छापायची तर कागद महाग हवा, शाई चांगली हवी, यंत्र नीट लावलेलं हवं आणि माणूस कसबी हवा. रेघ बारीक, पण तिच्यामागचा खर्च जाड. आज ती परिस्थिती उरलेली नाही, शंभर रुपयांत कोणीही कुठलंही अक्षर छापून आणतो, तरी डोळ्याची सवय गेलेली नाही. पैठणी नेसलेल्या बाईकडे आपण अजून वळून बघतो, तसं.

गणित केसाचं

आता पत्रिकेचं गणित मांडू. छपाईत अक्षराचा आकार पॉइंटमध्ये मोजतात आणि ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. आपल्या फॉन्टमध्ये बारीक रेघ अक्षराच्या आकाराच्या पन्नासाव्या भागाइतकी आहे असं धरू. वधूवरांची नावं ७२ पॉइंटची, म्हणजे २५.४ मिलिमीटर. त्यांची बारीक रेघ झाली अर्धा मिलिमीटर. छान दिसते, बारीक पण ठाम.

निमंत्रकांची नावं ९ पॉइंटची. तीच रेघ तिथे झाली ०.०६ मिलिमीटर, म्हणजे डोक्यावरच्या केसाएवढी. दाणेदार हातकागदाच्या चढउतारावर फॉइलचा तापलेला ठसा पडला. उंचवट्यावर सोनं चिकटलं, खळग्यात नाही. जाड रेघेला एखादा खळगा लागला तर ती कशीबशी सांधून घेते, केसाएवढी रेघ मात्र निघूनच जाते. ‘ष’च्या पोटातली तिरकी रेघ गेली ती अशी.

पडद्यावर मग ती दिसली कशी? साध्या संगणकाच्या पडद्याचा एक ठिपका साधारण पाव मिलिमीटरचा, म्हणजे त्या रेघेच्या चौपट. इतकी बारीक रेघ तो दाखवूच शकत नाही, फार तर एक फिकट राखाडी छटा देतो. पण आम्ही चित्र मोठं करून पाहत होतो. मोठं केल्यावर ‘ष’ दिसणारच. आम्ही प्रूफ तपासलं नाही, फॉन्टचं कौतुक करत बसलो.

पूर्वी हा घोटाळा इतका होत नसे, आणि त्याचं कारण मजेशीर आहे. शिशाच्या खिळ्यांच्या काळात प्रत्येक आकाराचं अक्षर स्वतंत्र कोरावं लागे. पोलादी ठशावर अक्षर कोरायचं, तो ठसा तांब्यात ठोकून साचा करायचा, साच्यात शिसं ओतायचं. दहा आकार हवे असतील तर दहादा. लहान आकार कोरताना कारागीर आपसूक बारीक रेघ थोडी जाड ठेवायचा, अक्षर थोडं रुंद करायचा, पोटातली पोकळी मोकळी ठेवायचा. ९ पॉइंटचं अक्षर हे ७२ पॉइंटच्या अक्षराचं छोटं चित्र नव्हे, हे त्याला हाताने माहीत होतं. लहान मूल म्हणजे आकसलेला मोठा माणूस नसतो, त्याचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, तसंच हे.

आधी फोटोवरून अक्षरजुळणी आली, मग संगणक आला, आणि एकच चित्र हवं तेवढं ताणायची सोय झाली. ती सोय झाली आणि हे ज्ञान बाजूला पडलं. १९९०च्या दशकात ‘हार्पर्स बझार’ या मासिकासाठी जोनाथन होफ्लरने दिदोचं अक्षर नव्याने केलं, तेव्हा त्याने ते सात वेगवेगळ्या आकारांसाठी सात प्रकारे काढलं. आता बऱ्याच चांगल्या इंग्रजी फॉन्टमध्ये ‘डिस्प्ले’ आणि ‘टेक्स्ट’ असे वेगळे भाऊ मिळतात : एक मिरवायला, एक राबायला. आपण मात्र मिरवणाऱ्यालाच सगळी कामं सांगतो.

> चौकट : पत्रिका, पाटी, पुस्तक छापायला देताना
>
> • टोकाचं जाड-बारीक अक्षर मोठ्या आकारात शोभतं : नाव, शीर्षक, मुखपृष्ठ, बोधचिन्ह, लेबल. पत्ता, वेळ, फोन नंबर आणि नावांची यादी साध्या, सारख्या जाडीच्या अक्षरात घ्या.
>
> • वर्तमानपत्री कागद टीपकागदासारखा शाई पितो, त्यामुळे बारीक रेघा आणि पोटातल्या पोकळ्या दोन्ही बिघडतात. गुळगुळीत आर्ट पेपर सर्वांत सोयीचा.
>
> • गडद रंगावर पांढरं अक्षर हवं असेल तर जास्त जपा. भोवतालची शाई पसरून पांढरी बारीक रेघ बुजवते.
>
> • दाणेदार कागद, फॉइल आणि बारीक रेघ यांतल्या दोनच गोष्टी एका वेळी निवडा.
>
> • प्रूफ त्याच कागदावर, त्याच आकारात मागा आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला वाचायला द्या.

शिरोरेघेचा पेच

बोदोनीचा नियम साधा आहे : उभं ते जाड, आडवं ते बारीक. हाच नियम जसाच्या तसा देवनागरीला लावला तर काय होईल? आपली सर्वांत महत्त्वाची आडवी रेघ म्हणजे शिरोरेघ. तीच केसासारखी झाली तर शब्द लोंबणार कशाला? दांडीच नसेल तर कपडे खाली. उलट शिरोरेघ जाड ठेवली तर वर एक काळा पट्टा येतो आणि खालचा डौल त्याच्या सावलीत जातो.

शिवाय आपल्याकडे उभ्या रेघाही पुष्कळ. ‘पाषाण’ हा शब्द घ्या : कान्यासह मोजा, उभ्या दांड्या किती भरतात! त्या सगळ्या भरदार केल्या की शब्द खिडकीच्या गजांसारखा दिसतो, आणि डोळा अक्षरांऐवजी गज मोजू लागतो. त्यात जोडाक्षरं. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘द्ध’ यांच्या गाठी बारीक रेघांनीच बांधलेल्या असतात. गाठ सुटली की अक्षर बदललं. इंग्रजीतही लहान ‘ई’ची आडवी रेघ गेली की तिचा ‘सी’ होतो, पण वाचणारा शब्दाच्या अंदाजाने सावरून घेतो. आपल्याकडे ‘पुष्पा’ आणि ‘पुप्पा’ यांत सावरायला जागा कमी, आणि माणसाचं नाव असेल तर अंदाजही चालत नाही.

हा पेच मराठी मुद्रणाने एकोणिसाव्या शतकातच सोडवला होता आणि त्याचं श्रेय जावजी दादाजी यांना आहे. लहानपणी मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकलेल्या या माणसाने १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. रानोजी रावजी आरू हे त्यांचे ठसे कोरणारे कारागीर. निर्णयसागरच्या अक्षरात जाड-बारीक आहे, पण ते बोरूचं, टाकाचं नव्हे. शिरोरेघ शब्द पेलण्याइतकी ठाम आहे. बारीक रेघ फक्त वळणाच्या तोंडाशी आणि सांध्यापाशी येते, आणि येते तेवढीच येते. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयात (ते १८४० सालचं आहे) निर्णयसागरचं एखादं संस्कृत पुस्तक मिळालं तर पान तिरकं करून उजेडात धरा. खिळ्यांचे दाब कागदात जाणवतील, आणि तळटिपेतल्या लहान अक्षरातसुद्धा ‘ष’च्या पोटातली रेघ गेलेली नसेल.

टोकाच्या जाड-बारीकचा मोह मात्र संपलेला नाही, आणि संपू नयेही. इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ मध्ये ‘रोझा वन’ हा फॉन्ट काढला, देवनागरी आणि रोमन दोन्हींत, जाड-बारीकचा फरक अगदी शेवटच्या टोकाला नेलेला आणि सर्वांना मोफत. मोठ्या शीर्षकात तो ढोल वाजल्यासारखा दिसतो. मला आवडतो. त्यात निमंत्रकांची यादी छापणाऱ्याला मात्र पुष्पामावशींसमोर उभं करावं.

फॉन्ट निवडताना आणखी एक पाहावं. आपले ‘ल’ आणि ‘श’ हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे आहेत, आणि अनेक देखण्या फॉन्टमध्ये फक्त हिंदीचं वळण असतं. ‘तिरो देवनागरी’ या फॉन्टची मराठीसाठी वेगळी आवृत्ती आहे, म्हणजे जगात कोणीतरी हा विचार केला आहे. आपण फक्त मागायचं असतं.

नाशिकरोडची बारीक रेघ

लग्नपत्रिकेत जी रेघ दगा देते, तीच रेघ नाशिकरोडला पहारा देते.

नाशिकरोडला १९२५ मध्ये इंडिया सिक्युरिटी प्रेस सुरू झाली. त्याआधी हिंदुस्थानची टपाल तिकिटं लंडनहून छापून येत. १९२६ पासून ती नाशिकला छापली जाऊ लागली आणि १९२८ पासून नोटाही. नवी दिल्लीच्या उद्घाटनाची १९३१ सालची चित्रमय तिकिटांची मालिका इथलीच.

खिशातली शंभराची नोट काढा आणि गांधीजींच्या चित्रावरून नखाचा शेंडा हलकेच फिरवा. खरखर जाणवेल. ही इंटाग्लिओ छपाई. धातूच्या पत्र्यावर रेघा कोरतात, कोरलेल्या चरांत शाई भरतात, वरची शाई पुसून घेतात आणि प्रचंड दाबाने कागद त्यावर दाबतात. कागद चरांत शिरतो आणि शाई उचलून आणतो, म्हणून रेघ कागदावर उभी राहते. चेहऱ्यावरच्या सावल्या जवळून पाहिल्या तर कळतं की तिथे राखाडी रंगच नाही. आहेत त्या रेघा : जवळजवळ, लांब-लांब, जाड होत जाणाऱ्या, बारीक होत जाणाऱ्या. बोदोनीच्या काळचा कोरणीवाला हे पाहून आपलंच काम म्हणून ओळखेल.

घरच्या प्रिंटरला या रेघा जमत नाहीत. तो ठिपक्यांनी छापतो, आणि ठिपक्यापेक्षा बारीक रेघ आली की तुटते किंवा शेजारणीला चिकटते. आमच्या पत्रिकेवरही, वेगळ्या कारणाने, रेघ अशीच तुटली होती. फरक एवढाच की तिथे ते झालं म्हणून आम्ही वैतागलो, आणि नोटेच्या नकलेत ते व्हावं म्हणूनच रेघा इतक्या बारीक ठेवलेल्या असतात. भिंगाखाली धरली तर नोटेवर ‘भारत’ आणि ‘१००’ अशी सूक्ष्म अक्षरंही सापडतात. इतक्या लहान अक्षराला जाड-बारीकचा नखरा परवडत नाही, तिथे साध्या रेघेचंच राज्य.

आता नोट उलटी करा. डावीकडच्या पट्ट्यात पंधरा भाषांत रक्कम लिहिली आहे आणि त्यात मराठीचं ‘शंभर रुपये’ आहे. एवढ्याशा जागेत ‘भ’ची गाठ बघा. सुटलेली नाही.

गेल्या वर्षी घरात पुन्हा एक लग्न निघालं. नावं त्याच डौलदार फॉन्टमध्ये घेतली, पण गुळगुळीत कागदावर. यादी साध्या अक्षरात घेतली, आणि छापखान्यातून त्याच कागदावरचं प्रूफ मागवलं. ते पुष्पामावशींकडे गेलं. त्यांनी चष्मा लावला, वर शिवणकामाचं भिंग धरलं, स्वतःचं नाव दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, ‘ष आहे. पण बबनच्या आधी माझं नाव का नाही?’